एकाच फोटोवरून बियाण्याचं पाकीट ओळखता येईल का?

तुम्ही विचारलंय, की गावातल्या कृषी केंद्रात कपाशीच्या बियाण्याची बरीच पाकिटं येतात, प्रत्येकाचा एकेकच फोटो जवळ आहे, लॅपटॉप जुना आहे. मग न्यूरल नेटवर्क न शिकवता मोबाइलच्या फोटोतलं पाकीट ओळखता येईल का?

येईल. छापील आणि न बदलणारी वस्तू हे जुन्या भौमितिक पद्धतीचं हक्काचं वावर आहे.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड लोव यांनी १९९९ साली सिफ्ट हे फोटो जुळवायचं तंत्र मांडलं, सविस्तर निबंध २००४चा. चित्रातल्या उठून दिसणाऱ्या जागा ते शोधतं आणि प्रत्येक जागेभोवती उजेड कुठल्या दिशेने किती बदलतो ते १२८ आकड्यांत लिहून ठेवतं. पाकीट आडवं धरा, लांबून फोटो काढा, आकडे फारसे हलत नाहीत. त्याचं पेटंट २०२० मध्ये संपलं, आता ते ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या मोफत लायब्ररीतच मिळतं.

मग नव्या फोटोतल्या प्रत्येक जागेची जवळच्या फोटोतल्या जागेशी जोडी लावायची. जोड्या लावताना आकड्यांच्या हिशेबाने सर्वात जवळची जागा आणि दुसऱ्या क्रमांकाची जागा यांच्या अंतरांचं गुणोत्तर बघा. ते ०.८ पेक्षा जास्त आलं तर ती जोडी सोडून द्या. लोव यांच्या मोजणीत एवढ्यानेच ९० टक्के चुकीच्या जोड्या गळाल्या आणि बरोबर जोड्या ५ टक्क्यांहून कमी गेल्या.

पण नुसत्या जोड्या मोजून निकाल देऊ नका. त्या सगळ्या मिळून पाकिटाची एकच ठेवण सांगतात का, हे खरं बघायचं. सपाट वस्तूसाठी ४ जोड्यांवरून होमोग्राफी निघते, म्हणजे एका फोटोतली जागा दुसऱ्या फोटोत कुठे पडेल ते सांगणारं गणित. रॅन्सॅक ही रीत (१९८१, फिशलर आणि बोल्स) वाटेल त्या ४ जोड्या उचलतं, होमोग्राफी काढतं, बाकीच्यांपैकी किती तिच्याशी जुळतात ते मोजतं, आणि हे पुन्हा पुन्हा करतं. सर्वात जास्त जोड्या जिच्याशी जुळल्या त्या होमोग्राफीने पाकिटाचे चार कोपरे फोटोवर टाकून बघा. चौकोन पिळलेला किंवा आत दबलेला आला, तर ओळख चुकली समजा.

आता तुमच्या कामातली खरी अडचण. एकाच कंपनीच्या दोन वाणांवर लोगो तोच, कपाशीच्या बोंडाचं चित्रही बहुतेक तेच. तिथे भूमितीही अगदी छान जुळते आणि तरी वाण चुकतो. म्हणून जुळलेल्या जोड्या पाकीटभर पसरल्यात की लोगोभोवतीच गोळा झाल्यात, ते तपासा. त्याहून बरं म्हणजे होमोग्राफीने फोटो सरळ करून घ्या आणि वाणाचं नाव छापलेला पट्टा तेवढा वेगळा ताडून पाहा. माझ्या मते हा टप्पा गाळलात तर बाकीच्या मेहनतीला अर्थ नाही.

चुरगळलेलं पाकीट सपाट राहत नाही. तिथे जुळणीची मर्यादा थोडे पिक्सेल सैल करावी लागते. मे-जूनच्या उन्हात प्लॅस्टिक चकाकतं आणि छपाईच पुसल्यासारखी होते, तेव्हा फोटो सावलीत घ्या.

याच पद्धतीने पऱ्हाटीवरची बोंडअळी ओळखायला मात्र जाऊ नका. अळी वळते, वाढते, प्रत्येक बोंडावरचं नुकसान वेगळं दिसतं. तिथे भरपूर फोटो देऊन शिकवलेलं नेटवर्कच लागतं.

आणि एक गोष्ट केंद्रचालकाला आधीच सांगून ठेवा: बनावट पाकिटावर हुबेहूब छपाई असेल तर हा प्रोग्राम ते जुळलं म्हणूनच सांगेल. आतलं बियाणं त्याला दिसत नाही, त्यामुळे लॉट नंबर आणि पक्कं बिल बघावंच लागेल.