पिळे कमी झाले, पण वेदना?

प्रिय,

तुझा आराखडा वाचला. ७० टक्के इथेनॉलमध्ये पाल्याचा अर्क काढायचा, उंदरांवर राइदिंग (पोटातल्या वेदनेने अंग पिळण्याची) चाचणी करायची आणि पिळे कमी झाले की वनस्पती वेदनाशामक ठरवायची, असा तुझा बेत आहे. एवढ्यावर थांबू नकोस.

ॲसेटिक ॲसिड (०.६ टक्के, किलोमागे १० मिलि) पोटाच्या पोकळीत टोचलं की उंदीर पोट आक्रसतो, मागचे पाय ताणतो. पाच मिनिटं सोडून पुढची वीस मिनिटं हे पिळे मोजतात. पण गुंगी आणणारा किंवा स्नायू सैल करणारा अर्कही पिळे कमी करतो! म्हणून त्याच मात्रेवर रोटारॉड कर. उंदीर फिरत्या दांड्यावरून पडू लागले, तर राइदिंगच्या आकड्यांवरून वेदनेबद्दल बोलताच येत नाही. फॉर्मॅलिन चाचणीही जोड; तिच्यात पंजात फॉर्मॅलिन टोचून उंदीर तो किती वेळ चाटतो ते मोजतात. तिची पहिली पाच मिनिटं मज्जातंतूंच्या थेट चेतवणीची, १५ ते ३० मिनिटांचा टप्पा मुख्यतः दाहाचा. मॉर्फिन दोन्हींत चालतं, दाहशामकं मुख्यतः दुसऱ्यात.

सुजेवरचा परिणाम पाहायला रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) मागच्या तळव्यात सूज आणणारं १ टक्का कॅराजीनन, ०.१ मिलि टोच. भुकटी सलाइनवर थोडी थोडी भुरभुरायची. एकदम ओतली की गुठळ्या होतात, सुई अडते, प्रत्येक पंजात वेगळी मात्रा जाते. घोट्यावर पक्क्या शाईची रेघ ओढ आणि प्लेथिस्मोमीटरमध्ये (पंजाचं आकारमान मोजणाऱ्या उपकरणात) पंजा दर वेळी तिथपर्यंतच बुडव. रेघ जरा वर राहिली तरी सूज उतरल्यासारखी दिसते. माझ्या मते सगळ्यात जास्त खोटे निकाल इथेच जन्मतात. मोजणाऱ्याला गट ठाऊक नसावेत. पहिल्या तासाची सूज हिस्टामिन-सेरोटोनिनची, तिसऱ्या तासाची प्रोस्टाग्लँडिनची, त्यामुळे दोन्ही मापं वेगवेगळी मांड. अर्क सीएमसीत (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या चिकट द्रावणात) कालवणार असशील तर नुसतं सीएमसी दिलेला गट हवाच, सोबत तुलनेसाठी डायक्लोफिनॅक या दाहशामकाचा.

मात्रेचा हिशेब मात्र आजच कर. रॅटला किलोमागे ४०० मिग्रॅ म्हणजे, ६.२ ने (रॅटची मात्रा माणसासाठी बदलायच्या भाजकाने) भागून, माणसाला किलोमागे साधारण ६५ मिग्रॅ. साठ किलोच्या माणसाला जवळजवळ ४ ग्रॅम अर्क. वाळलेल्या पाल्यातून अर्काचा उतारा १० टक्के धरला तर एका वेळेला ४० ग्रॅम वाळलेला पाला! काढा करणारे वैद्य एवढा वापरतात का, हे त्यांना विचार.

आणि नैतिकता समितीकडे अर्ज करण्याआधी फुलासकट फांदी दाबून वाळव, वनस्पतितज्ज्ञाकडून नाव पक्कं करून घे, नमुना क्रमांकासह हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेव.