साडेनऊची मीटिंग आणि पहाटेचा बर्फ

प्रश्न : ताई, आम्ही सहा वर्षं परदेशात आहोत, घरापासून डोंगर तासाभराच्या आत. मागच्या हिवाळ्यापासून माझ्या नवऱ्याला स्की टूरिंगचा नाद लागलाय. आठवड्यातून दोनदा पहाटे चारला उठतो, स्कीजना स्किन्स (तळाला चिकटवायचे, मागे घसरू न देणारे पट्टे) लावून अंधारात डोंगर चढतो, घसरत खाली येतो आणि साडेनऊच्या मीटिंगला लॅपटॉपसमोर हजर. कधी मित्र बरोबर असतो, कधी एकटाच. त्या दोन दिवशी लेकीला उठवणं, आवरणं, शाळेत सोडणं माझ्याकडे, आणि माझं स्वतःचं काम नऊला सुरू होतं. काही बोललं की म्हणतो, "पहाटे बर्फ घट्ट असतो, काही होत नाही." हे खरं आहे का? त्याचा फोन येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. सासूबाईंचा फोन आला की मी "व्यायामाला गेलाय" म्हणून वेळ मारून नेते. त्याला थांबवू का?

उत्तर : जाणं थांबवू नका, एकटं जाणं मात्र थांबवा. हे मी स्वतः बारा हिवाळे स्किन्स ओढून सांगते आहे, तेव्हा तुमच्या नवऱ्याला माझं म्हणणं "हिला काय कळतंय" म्हणून उडवून लावता येणार नाही.

आधी त्या घट्ट बर्फाचं बघू. त्याचं वाक्य एप्रिलमध्ये खरं असतं आणि जानेवारीत त्याला काही अर्थ नसतो. वसंतात दिवसा बर्फ वितळतो, रात्री आकाश निरभ्र असेल तर वरचा थर गोठून टणक होतो आणि पहाटे त्यावरून निर्धास्त चालता येतं. ऊन चढलं की तोच थर मऊ पडतो आणि ओला बर्फ सुटू लागतो. त्या दिवसांत लवकर निघणं, लवकर परतणं हेच शहाणपण. पण त्यातही रात्रभर ढग असले तर उष्णता अडकून राहते, बर्फ नीट गोठत नाही आणि पहाटेचा भरवसा संपतो.

भर हिवाळ्यात गोष्टच वेगळी. तिथे धोका असतो तो आत दडलेल्या कच्च्या थराचा. थंडीत जमिनीलगतचा बर्फ आणि वरची गार हवा यांच्या तापमानात फार फरक पडला, की आतल्या कणांचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. त्यावर नवा बर्फ साचतो, रात्री वारा आणखी बर्फ आणून टाकतो आणि वरची अख्खी लादी त्या सुट्या दाण्यांवर टेकून राहते. ती सुटायला माणसाचं वजन पुरतं. हिमस्खलनात ज्यांचा जीव जातो, त्यांतल्या बहुतेक प्रसंगी ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सुरू केलेलं असतं. या थराला पहाटेचे पाच वाजलेत की दुपारचे दोन, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आता त्याला एक प्रश्न विचारा : बुलेटिन, म्हणजे हिमस्खलनाच्या धोक्याचा रोजचा अंदाज, कधी वाचतोस? अॅव्हलांच कॅनडाचा अंदाज दुपारी चारच्या सुमारास दुसऱ्या दिवसासाठी येतो. स्वित्झर्लंडची एसएलएफ ही संस्था हिवाळ्यात संध्याकाळी पाचला आणि पुन्हा सकाळी आठला बुलेटिन काढते. म्हणजे साडेचारला घर सोडणाऱ्याच्या हातात आदल्या संध्याकाळचा कागद असतो. रात्रीतून तीस सेंटिमीटर बर्फ पडला किंवा वारा फिरला, तर तो कागद शिळा झालेला असतो. पहाटे जाणाऱ्यांनी म्हणूनच निघण्यापूर्वी जवळच्या हवामान केंद्राचे रात्रीचे आकडे बघायचे : किती पडला, वारा कुठून आणि किती वेगाने. आकडे अंदाजापेक्षा जास्त दिसले तर परत पांघरुणात.

बुलेटिनमध्ये धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. युरोपने ही पाच पायऱ्यांची एकच पद्धत १९९३ मध्ये स्वीकारली. तिसरी पायरी मधली दिसते म्हणून लोकांना ती परीक्षेतल्या दुसऱ्या श्रेणीसारखी वाटते, चालून जाईल अशी. प्रत्यक्षात दर पायरीला धोका पटीने वाढतो, आणि जीवघेण्या अपघातांचा मोठा वाटा तिसऱ्या पायरीच्या दिवशीच असतो, कारण पाचव्या पायरीला कुणी घराबाहेर पडत नाही.

मला मात्र बर्फापेक्षा त्या साडेनऊच्या मीटिंगची भीती वाटते.

एका बुधवारचं सांगते. आम्ही तिघं होतो, एकाला नऊला कॉल होता आणि निघायला वीस मिनिटं उशीर झालेला. नेहमीची सौम्य धार सोडून आम्ही जवळच्या तीव्र घळीतून उतरायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, कुणी काही बोललंच नाही, पुढचा वळला आणि आम्ही मागे. दहा-बारा वळणांनंतर पायाखालून "हुंफ्" असा आवाज आला आणि आजूबाजूचा बर्फ किंचित बसला. आतला थर कोसळल्याची ती खूण. लादी त्या दिवशी का सुटली नाही, ते मला आजही सांगता येत नाही. मित्र कॉलला चार मिनिटं उशिरा पोचला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

इयन मॅकॅमन नावाच्या अमेरिकी संशोधकाने हिमस्खलनाचे शेकडो अपघात तपासून माणसं कोणत्या सापळ्यांत अडकतात ते मांडलं. ओळखीची जागा, ठरवलेलं तडीस नेण्याचा हट्ट, पुढच्याला जास्त कळतं हा समज, आपल्या आधी कुणी ताजा बर्फ तुडवेल याची घाई. कामाच्या दिवशीची सहल यातल्या पहिल्या दोन सापळ्यांवरच उभी असते. जागा रोजची, वेळ पक्की.

म्हणून वेळेचं गणित आदल्या रात्री आणि उलट्या बाजूने मांडायचं. साडेनऊला बसायचं, पाऊण तास गाडी, वीस मिनिटं आंघोळ आणि कपडे. म्हणजे सव्वाआठला गाडी सुरू. आठला गाडीपाशी हवं. उतरायला आणि गडबडीला मिळून पाऊण तास धरला, तर सव्वासातला जिथे असू तिथून मागे फिरायचं, शिखर दहा पावलांवर असलं तरी. बेताच्या दमाचा माणूस तासाला तीनशे ते चारशे मीटर उंची चढतो. साडेपाचला सुरुवात केली तर हातात पावणेदोन तास, म्हणजे साधारण पाचशे ते सातशे मीटर. त्याच्या नकाशावर हजार मीटरचा डोंगर असेल तर तो शनिवारी.

उतार किती असावा, यावर मी हट्टी आहे. लादी बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटते. कामाच्या दिवशी तीसच्या आतलाच उतार, आणि त्याच्या डोक्यावर तीव्र उतार टांगलेला नको, कारण वरून सुटलेला बर्फ खालचा उतार किती अंशांचा आहे हे विचारत नाही. आजकाल बहुतेक नकाशांच्या अॅपमध्ये उताराचे रंग दिसतात. जायचं तेही दिवसाउजेडी पाहिलेल्या जागेवरच, कारण हेडलॅम्पच्या उजेडात पुढचे वीस मीटर दिसतात, वरचा कडा दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत तर सूर्य उगवायच्या आतच परतायची वेळ होते. डोंगर अंधारातच चढायचा आणि अंधारातच उतरायचा यात मजा कसली, हे मला कोडंच आहे.

स्की रिसॉर्टच्या आखलेल्या वाटेने चढणं हा पर्याय तो नाक मुरडून फेटाळेल, पण आठवड्याच्या दिवशी तोच बरा. एक मात्र त्याला माहीत असायलाच हवं. रात्री-पहाटे बर्फ सपाट करणारी यंत्रं तीव्र उतारावर पोलादी तारेला बांधून चालवतात. ती तार शेकडो मीटर लांब असते, अंधारात दिसत नाही आणि ताण बदलला की जमिनीवरून उसळते. माणसं त्यात मेली आहेत. म्हणून उतार बंदची पाटी असली की बंद. घाटरस्त्यांचंही तसंच. कॅनडातल्या रॉजर्स पासला किंवा युटामधल्या लिटल कॉटनवुडला रस्ता सुरक्षित करायला वरचा बर्फ मुद्दाम स्फोट करून पाडतात, बऱ्याचदा भल्या पहाटे. कोणता भाग उघडा आणि कोणता बंद, हे निघण्यापूर्वी पाहिलंच पाहिजे.

आता एकटं जाण्याचं. हे कटू आहे, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ वाचतात. अर्ध्या तासाने साधारण तीन. हेलिकॉप्टर कितीही तत्पर असलं तरी दहा मिनिटांत येत नाही. म्हणजे वाचवणारा असतो तो सोबतीच, त्याच्याकडचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं, आणि ते वापरायचा सराव. एकट्या माणसाच्या गळ्यातला ट्रान्सीव्हर फक्त नंतर शोधायला उपयोगी पडतो. हे वाक्य त्याला वाचून दाखवा, तुमच्या शब्दांत सांगायची गरज नाही. त्याने हिमस्खलनापासून बचावाचा कोर्स केला नसेल तर आधी तो : कॅनडात एएसटी १, अमेरिकेत एआयएआरई १, दोन-तीन दिवसांचे असतात आणि अर्धा वेळ बर्फावरच.

तुम्ही ज्या फोनची वाट बघता, तो हिमस्खलनासाठी नसतोच. तो मोडलेल्या पायासाठी, हरवलेल्या वाटेसाठी, न सुरू होणाऱ्या गाडीसाठी. पण त्यासाठी तो फार मोलाचा. फ्रिजवर एक कागद लावा : गाडी कुठे लावणार, कोणती वाट, बरोबर कोण आणि त्याचा नंबर, गाडीपाशी परतायची वेळ. त्याच्या तासाभरानंतरची दुसरी वेळ, जिच्यानंतर तुम्ही विचार न करता फोन लावायचा. युरोपात ११२, कॅनडा-अमेरिकेत ९११, स्वित्झर्लंडमध्ये रेगा या हवाई बचाव सेवेचा १४१४. त्या दुसऱ्या वेळेआधी काळजी करायची नाही आणि तिच्यानंतर संकोच करायचा नाही. "उगाच बोलावलं तर लोक काय म्हणतील" हा विचार आपल्याकडून जास्त होतो. डोंगरात रेंज नसेल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र घ्यायला लावा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ते स्पष्ट दिसतंय : त्या दोन सकाळी तुमच्या जातात. परदेशात शेजारी आजी नाही, आत्या नाही. त्याच्या दोन पहाटांच्या बदल्यात आठवड्यातल्या दुसऱ्या दोन सकाळी पूर्णपणे तुमच्या, आणि तुम्ही त्या वेळात नुसत्या झोपलात तरी त्याने कुरकुर करायची नाही. साडेनऊची मीटिंग त्या दिवसांपुरती साडेदहाला सरकवता येते का, हेही त्याला ऑफिसात विचारायला सांगा. बहुतेकांनी विचारलेलंच नसतं.

सासूबाईंना सांगायचं काम त्याचं. मुलगा त्यांचा, डोंगरही त्याचाच.

आणि पुढच्या रविवारी ट्रान्सीव्हर घेऊन तिघंही बागेत जा. एक यंत्र डब्यात घालून लेकीला पानांखाली किंवा बर्फात लपवू दे, दुसरं त्याच्या हातात. शोधताना फोन खिशात नको, यंत्रापासून किमान अर्धा मीटर लांब, नाहीतर सिग्नल बिघडतो. घड्याळ तुम्ही लावा. पहिल्या खेपेला त्याला किती मिनिटं लागली, ते मला नक्की कळवा.