लोगी पुरस्कार: लोकांच्या मतावर मिळणाऱ्या बक्षिसाला किती मान द्यायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही अलीकडेच मेलबर्नला आलात, ऑफिसात लोगी या ऑस्ट्रेलियन टीव्ही पुरस्कारांची चर्चा ऐकलीत. एका विनोदी कलाकाराने उघड प्रचार करून त्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस, म्हणजे गोल्ड लोगी, मिळवलं हे कळल्यावर तुम्हाला वाटलं की लोकांच्या मतांवर ठरणाऱ्या अशा पुरस्काराला अर्थ काय? आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी मत द्यावं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. वर दोघातिघांनी लिहिलंय की सोडून द्या, आपल्या वाहिन्यांच्या पुरस्कारांसारखाच प्रकार आहे. मला ते पटत नाही. बरीच वर्षं हा सोहळा मी आस्थेने बघत आलोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी ती तुलना. झी मराठी किंवा स्टार प्रवाहच्या सोहळ्यात वाहिनी आपल्याच मालिकांमधून आवडती सून, आवडती जोडी, आवडतं कुटुंब निवडते. प्रेक्षक मत देतात, पण स्पर्धा घरातल्या घरात. झीवरच्या नायिकेला प्रवाहवरच्या नायिकेसमोर उभं राहावंच लागत नाही. लोगी देतं ‘टीव्ही वीक’ हे साप्ताहिक. सरकारी एबीसी, बहुभाषिक एसबीएस, खासगी सेव्हन, नाइन आणि टेन, शिवाय आता स्ट्रीमिंगवाले, असे सगळे एका दालनात बसतात. प्रक्षेपण एकाच वाहिनीकडे असतं (बरीच वर्षं नाइनकडे होतं, २०२३पासून सेव्हनकडे आहे), पण बक्षीस कुठेही जाऊ शकतं. २०१६मध्ये सोहळा नाइनवर होता आणि गोल्ड लोगी गेली टेनच्या निवेदकाला. आपल्याकडे मराठी वाहिन्यांमध्ये असं घडलं तर मला फार आनंद होईल.

हा पुरस्कार मुळात का निघाला तेही पाहायला हवं. ऑस्ट्रेलियात टीव्ही आला १९५६ साली, मेलबर्न ऑलिंपिकच्या तोंडावर. सुरुवातीच्या काळात पडद्यावर अमेरिकी आणि ब्रिटिश कार्यक्रमांचीच गर्दी असायची, कारण स्वतः काही तयार करण्यापेक्षा आयात स्वस्त पडायची. अशा वेळी मे १९५७मध्ये ‘इन मेलबर्न टुनाइट’ हा रात्रीचा थेट कार्यक्रम सुरू झाला. निवेदक होता ग्रॅहम केनेडी, वय २३. लोक त्याच्यावर अक्षरशः फिदा झाले. १९५९ साली टीव्ही वीकने वाचकांकडून कूपनं भरून घेतली आणि पहिले पुरस्कार दिले, तेव्हा ‘स्टार ऑफ द इयर’ हाच ठरला. टीव्हीचं पहिलं प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या जॉन लोगी बेअर्ड या स्कॉटिश संशोधकाच्या नावावरून ‘लोगी’ हे नावही केनेडीनेच सुचवलं. १९६०ची पहिली गोल्ड लोगी पुन्हा त्यालाच. दोनच वर्षांनी, १९६२मध्ये, लॉरे डेझमंड ही ती जिंकणारी पहिली स्त्री ठरली. बाहेरून आलेल्या कार्यक्रमांच्या पुरात आपल्या शहरातला, आपल्यासारखं बोलणारा माणूस कुणीतरी आहे, हे कूपन कापून पोस्टात टाकणाऱ्या लोकांनी ठासून सांगितलं. म्हणून मी या पुरस्काराला नुसती करमणूक म्हणत नाही.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे येतो. लोक मत देतात ते नेमकं कशाला? अभिनयाच्या कसाला देतात असं धरलं तर यादी बुचकळ्यात टाकते. १९७६ची गोल्ड लोगी तर एका काल्पनिक पात्राला मिळाली! गॅरी मॅकडॉनल्ड या नटाने उभा केलेला नॉर्मन गन्स्टन हा बावळट मुलाखतकार. ११ नोव्हेंबर १९७५ला गव्हर्नर जनरलने पंतप्रधान व्हिटलम यांचं सरकार बडतर्फ केलं, त्या दिवशी कॅनबेरात संसदेच्या पायऱ्यांवर जमलेल्या गर्दीत हा गन्स्टन माइक घेऊन उभा होता. देश हादरलेला असताना लोकांना ज्याने हसवलं, त्याला लोकांनी पुढच्याच वर्षी सर्वोच्च बक्षीस दिलं. कुठल्याही परीक्षक मंडळाला हे सुचलं नसतं.

नंतरची नावं नीट पाहा. १९८८मध्ये ‘नेबर्स’ मालिकेतली कायली मिनोग, वय १९. १९९७ ते २००० सलग चार वर्षं ‘ब्लू हीलर्स’ मालिकेत गावच्या पोलीस ठाण्यातली मॅगी साकारणारी लिसा मॅकक्यून. त्याच मालिकेत पहिल्या दिवसापासून असलेल्या जॉन वुडचं नाव वर्षानुवर्षं नामांकनात यायचं आणि तो रिकाम्या हाताने परतायचा. २००६मध्ये मालिका बंद करण्याचा निर्णय झाला, आणि त्याच वर्षी लोकांनी त्याला गोल्ड लोगी दिली. ‘होम अँड अवे’ मालिकेतला अल्फ म्हणजे रे मीगर. १९८८पासून मालिकेत, गोल्ड लोगी मिळाली २०१०मध्ये. याच मालिकेत तीस वर्षांहून जास्त काळ आयरीन झालेली लिन मॅकग्रॅन्जर २०२५मध्ये निरोप घेणार हे जाहीर झालं आणि त्या वर्षीची गोल्ड लोगी तिच्याकडे गेली. हे अपघाताने घडत नाही. रोज संध्याकाळी घरात येणारा माणूस आता येणार नाही हे कळलं की लोकांना त्याचं ऋण आठवतं आणि ते मत द्यायला उठतात.

दुसरा धागा आणखी हळवा आहे. २०१५मध्ये टेनवरच्या ‘द प्रोजेक्ट’ या चालू घडामोडींवरच्या गप्पांच्या कार्यक्रमाची निवेदिका कॅरी बिकमोर जिंकली. तिचा नवरा मेंदूच्या कर्करोगाने गेला होता. बक्षीस घेताना तिने मंचावर डोक्यात लोकरी टोपी घातली आणि लोकांना तसंच करायला सांगितलं. त्यातून त्या आजाराच्या संशोधनासाठी निधी जमवणारी मोठी चळवळ उभी राहिली. दोन वर्षांनी सॅम्युअल जॉन्सन जिंकला. ‘मॉली’ मालिकेतलं त्याचं काम उत्तम होतंच, पण कर्करोगाशी झुंजणाऱ्या बहिणीसाठी हा माणूस एकचाकी सायकलवरून सारा ऑस्ट्रेलिया फिरला होता हे घराघरांत माहीत होतं. बहीण कॉनी त्याच वर्षी गेली. अशा वेळी मत किती भूमिकेला आणि किती माणसाला, हे वेगळं काढता येत नाही, आणि काढायची गरजही मला वाटत नाही. अभिनय, लेखन, दिग्दर्शन यांची पारख करायला परीक्षकांचे पुरस्कार आहेत, ऑस्ट्रेलियाच्या चित्रपट-टीव्ही अकादमीचे एएसीटीए पुरस्कार त्यासाठीच आहेत. लोगीतही लोकप्रियतेच्या जोडीला परीक्षकांनी ठरवलेले ‘उत्कृष्ट’चे विभाग बरीच वर्षं होते. २०२४मध्ये बहुतेक विभाग एकत्र करून ‘सर्वोत्तम’ असं एकच बक्षीस ठेवलं, ते मला आवडलेलं नाही. लोकांचा लोभ आणि जाणकारांची पसंती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या दिसाव्यात. गोल्ड लोगी, नवोदितांसाठीचा ग्रॅहम केनेडी पुरस्कार आणि निवेदकांसाठीचा बर्ट न्यूटन पुरस्कार यांच्या नावात ‘लोकप्रिय’ हा शब्द अजून आहे, ते बरं आहे.

मग तो प्रचारवाला प्रसंग. तो कलाकार म्हणजे एबीसीवरच्या ‘हार्ड क्विझ’चा टॉम ग्लीसन. २०१८मध्ये त्याने आधी दुसऱ्यासाठी मोहीम चालवली. ग्रँट डेनियरचा ‘फॅमिली फ्यूड’ हा गेम शो तेव्हा नुकताच बंद पडला होता आणि ग्लीसनने प्रेक्षकांना सांगितलं, यालाच गोल्ड लोगी द्या. डेनियर जिंकला. पुढच्या वर्षी ग्लीसनने स्वतःसाठी मतं मागितली आणि तोही जिंकला. दालनात बसलेल्या अनेकांना ते लागलं, पुरस्काराची टिंगल झाली अशी तक्रार पुढे बरेच दिवस चालली. मला त्यांचं दुःख समजतं, पण तक्रार पटत नाही. प्रत्येक वाहिनी आपल्या उमेदवारासाठी जाहिराती करते, सकाळच्या कार्यक्रमांत गोडगोड आवाहनं करते. ग्लीसनने तेच काम दार उघडं ठेवून केलं. शिवाय एबीसीला जाहिराती नाहीत, खासगी वाहिन्यांसारखं प्रसिद्धीचं बळ नाही. प्रेक्षकांना सरळ हाक मारणं हाच त्याच्याकडे मार्ग होता. मतदान खुलं असेल तर मतं मागणंही आलंच.

खरी त्रुटी मतदानाच्या आधी आहे, आणि ऑफिसातल्या गप्पांत ती सहसा येत नाही. मतपत्रिकेवर कुणाची नावं यावीत हे वाहिन्या ठरवतात. त्यांनी पुढे केलेल्या नावांतूनच प्रेक्षक निवडतात. त्याही आधी, पडद्यावर कोण दिसणार हेसुद्धा त्याच ठरवतात. मीडिया डायव्हर्सिटी ऑस्ट्रेलिया या संस्थेच्या २०२०च्या अहवालानुसार इथल्या मोफत वाहिन्यांच्या बातम्या आणि चालू घडामोडींमध्ये दिसणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त लोक अँग्लो-केल्टिक वंशाचे होते. रस्त्यावर, ट्राममध्ये, मुलांच्या शाळेत जे शहर तुम्हाला दिसतं ते टीव्हीवर दिसत नाही, त्याचं मूळ इथे आहे. जो माणूस पडद्यावर आलाच नाही तो लोकप्रिय कसा होणार?

आणि तरीही, संधी मिळाली तेव्हा याच मतदारांनी काय केलं ते बघा. २०१५मध्ये मिरांडा टॅपसेल ही लराकिया आणि टिवी वंशाची आदिवासी अभिनेत्री ‘लव्ह चाइल्ड’ मालिकेसाठी नवोदितांचे दोन्ही पुरस्कार घेऊन गेली, एक प्रेक्षकांचा, एक परीक्षकांचा. मंचावरून तिने निर्मात्यांना सांगितलं की सावळ्या-काळ्या रंगाच्या सुंदर माणसांना टीव्हीवर आणखी जागा द्या. २०१६मध्ये गोल्ड लोगीच्या नामांकनांत एसबीएसच्या बातम्या देणारी ली लिन चिन आणि ‘द प्रोजेक्ट’चा वलीद अली अशी दोन नावं एकदम आली, तेव्हा काही जणांच्या भुवया उंचावल्या. लोकांनी अलीला जिंकून दिलं. मेलबर्नमध्येच जन्मलेला, इजिप्शियन आई-बापांचा मुलगा, वकिली आणि प्राध्यापकी केलेला. गोऱ्या नसलेल्या कुणाला गोल्ड लोगी मिळण्याची ती पहिलीच वेळ. भाषणात त्याने एका तरुण नटाची गोष्ट सांगितली. नाव मुस्तफा, पण खऱ्या नावाने काम मिळत नाही म्हणून तो दुसरं नाव लावतो. ते भाषण मी आजही ऐकलं की माझा गळा भरून येतो, कारण आपल्या ओळखीतल्या कितीतरी मुलांनी नोकरीच्या अर्जावर नावं छोटी केलेली मी पाहिली आहेत. २०१८मध्ये श्रीलंकेत जन्मलेला दिलरुक जयसिंहा नवोदितांचा ग्रॅहम केनेडी पुरस्कार घेऊन गेला, २०२२मध्ये तोच पुरस्कार एबीसीच्या सकाळच्या बातम्यांमधल्या टोनी आर्मस्ट्राँग या आदिवासी निवेदकाला मिळाला. प्रेक्षक वाहिन्यांच्या पुढे आहेत, हा माझा ठाम निष्कर्ष आहे. उद्योगातल्या लोकांवर सगळं सोपवलं असतं तर इतकं घडायला आणखी किती वर्षं लागली असती याचा अंदाज करवत नाही.

सोहळा आधी मेलबर्नला व्हायचा, २०१८ला गोल्ड कोस्टला गेला, २०२३पासून सिडनीत आहे. त्यामागे राज्य सरकारांचा पैसा आहे, त्यात मला फारसा रस नाही. मेलबर्नकरांना मात्र ते अजून सलतं, तेव्हा ऑफिसात तो विषय निघाला तर जपून.

मत द्यावं का? जरूर द्या. आता कूपन कापावं लागत नाही, ऑनलाइन देता येतं आणि ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या कुणालाही ते खुलं असतं. गोल्ड लोगीची चर्चा सगळीकडे असते, तिथे तुमचं मत लाखोंत एक. नवोदितांच्या विभागाकडे मात्र कमी लोक लक्ष देतात, आणि नवे चेहरे तिथूनच पुढे सरकतात. तेव्हा यादी उघडलीत की तो विभाग आधी वाचा. अनोळखी नाव दिसलं तर एबीसीच्या आयव्ह्यू किंवा एसबीएस ऑन डिमांड या ऑनलाइन सेवांवर त्या व्यक्तीचा एखादा भाग बघा, दोन्ही फुकट आहेत, आणि मग ठरवा. ‘होम अँड अवे’ला सलग दोन आठवडे दिलेत तर आयरीनच्या निरोपावर तुमच्या सहकाऱ्यांचे डोळे का पाणावले तेही कळेल. नामांकनं साधारण इथल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे जूनमध्ये, जाहीर होतात, सोहळा जुलै-ऑगस्टच्या सुमाराला. यंदाची यादी आली की याच धाग्यावर टाका, मी माझी पसंती कारणांसकट लिहीन.