बोटीतून उतरले खरे, पण चढले कुठून?

इंग्लंड सोडून वसाहतीत गेलेला आणि मागचा मागमूस न ठेवलेला पूर्वज कसा शोधायचा, अशी बरीच पत्रे साठली होती. त्यांतली काही आज निकाली काढतो.

प्रश्न : माझे यजमान मेलबर्नचे. त्यांचे खापरपणजोबा 1850 नंतर केव्हातरी सोन्याच्या खाणींवर आले, बल्लारॅटला लग्न केले, तिथेच वारले. इंग्लंडमध्ये त्या नावाची चाळीस माणसे सापडतात. त्यांतले आमचे कोणते?

तुम्ही इंग्लंडपासून सुरुवात केलीत, म्हणून अडलात. शेवटाकडून मागे या. आधी त्यांच्या मृत्यूचा दाखला मागवा. मेलबर्न आणि बल्लारॅट ज्या वसाहतीत येतात त्या व्हिक्टोरियात 1853 पासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि तिथला मृत्यूचा दाखला इंग्लंडच्या दाखल्यापेक्षा कितीतरी बोलका असतो. इंग्लंडचा कागद नाव, वय, धंदा, आजार एवढे सांगून गप्प बसतो. व्हिक्टोरियाच्या कागदात वडिलांचे नाव आणि धंदा, आईचे माहेरचे आडनाव, जन्मगाव, वसाहतींत किती वर्षे राहिले, लग्न कुठे, कितव्या वर्षी, कोणाशी झाले, आणि मुलांची नावे वयांसकट, असे रकानेच आहेत.

पण सगळ्यात आधी माहिती देणाऱ्याचा रकाना वाचा. थोरल्या मुलाने दिली असेल तर बरी. शेजाऱ्याने किंवा दफनाची व्यवस्था करणाऱ्याने दिली असेल तर जन्मगावापुढे नुसते ‘लंडन’ येते, आणि तसल्या ‘लंडन’वर विसंबू नका. शिवाय मुलाला तरी काय ठाऊक? बापाने जे सांगितले तेच.

आईचे माहेरचे आडनाव हाती लागले की अर्धी लढाई झाली. इंग्लंडमधली जन्मनोंद 1 जुलै 1837 पासूनची. सरकारी नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत आईचे आडनाव टाकून शोधता येते. जन्म त्याआधीचा असेल तर त्या गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही. मग वजाबाकी करा. 1851 च्या जनगणनेत प्रत्येकाचे जन्मगाव दिलेले आहे. (1841 च्या गणनेत मोठ्यांची वये पाचाच्या पटीत उतरवून लिहिली आहेत, तेव्हा वय जुळत नाही म्हणून माणूस टाकून देऊ नका.) चाळिसांपैकी जो 1861 मध्ये इंग्लंडमध्येच बायकोमुलांसह नांदतो आहे, तो तुमचा नव्हे. जो त्याआधीच इंग्लंडच्या मातीत गेला, तोही नव्हे. चाळिसांचे चार व्हायला एक रविवार पुरतो.

प्रश्न : आमच्या पूर्वजाने क्वीन्सलंडमध्ये लग्न करताना स्वतःला ‘अविवाहित’ म्हटले, पण इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यात त्याची बायको आणि दोन मुले निघाली! आमचीच काही चूक होतेय का?

बहुधा नाही. 1857 चा कायदा येईपर्यंत इंग्लंडमध्ये पूर्ण घटस्फोटासाठी पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. नंतरही तो गरिबाच्या आवाक्यातला नव्हता. त्यामुळे बोट हाच गरिबाचा घटस्फोट. सात वर्षे जोडीदाराची काहीच खबर नसेल तर दुसरे लग्न केल्याबद्दल शिक्षा होत नसे, आणि ही सवलत लोकांना चांगली ठाऊक होती. नॉरफकच्या बाईंनी पुढच्या जनगणनेत स्वतःला काय म्हणवून घेतले ते पाहा. नवरा तिकडे जिवंत असताना इकडे ‘विधवा’ लिहिलेली असणे मुळीच दुर्मीळ नाही. नाव बदलायला इंग्लंडच्या कायद्यात कागद लागत नसे. तरी बदलणारी माणसे फार लांब जात नाहीत. आईचे आडनाव किंवा स्वतःचे मधले नाव, यांपैकी काहीतरी उचलतात. त्या दिशेनेही शोधा.

प्रश्न : सासूबाई सांगतात की त्यांचे पूर्वज 1840 च्या सुमारास टास्मानियातल्या होबार्टला ‘सैन्यातले अधिकारी’ म्हणून आले. मला शंका येते, पण बोलायची सोय नाही.

शंका रास्त आहे. 1788 ते 1868 या काळात सुमारे 1,62,000 कैदी ऑस्ट्रेलियाला धाडले गेले आणि टास्मानियात, म्हणजे तेव्हाच्या व्हॅन डिमेन्स लँडमध्ये, ही आवक 1853 पर्यंत चालू होती. पुढच्या पिढ्यांनी तो डाग घासून काढला. कैद्याचा शिपाई झाला, शिपायाचा अधिकारी.

टास्मानियाची कैद्यांची दप्तरे ऑनलाइन फुकट पाहता येतात. एका माणसाचे पान उघडा : खटला कुठे चालला, काय चोरले, किती वर्षांची शिक्षा, उंची, केसांचा रंग, तोंडावरचे देवीचे वण, दंडावर गोंदलेली अक्षरे. सोबतच्या नोंदीत पुष्कळदा आईबापांची, भावंडांची नावे आणि गाव. साध्या, सज्जन शेतकऱ्याबद्दल एवढे कोणी लिहून ठेवले नाही! गोंदलेल्या अक्षरांत मागे राहिलेल्या बायकोची आद्याक्षरेही असू शकतात, ती टिपून ठेवा. सासूबाईंना पान लगेच दाखवू नका. आधी पुतण्या-भाचरांना दाखवा, बातमी आपोआप पोचते.

प्रश्न : न्यूझीलंडला 1860 च्या दशकात आलेल्या पणजोबांचे नाव इंग्लंड सोडणाऱ्यांच्या यादीत का नाही?

कारण ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या सलग याद्या 1890 पासूनच्याच आहेत. उतरण्याच्या बाजूने शोधा. ‘पेपर्स पास्ट’ या न्यूझीलंडच्या संकेतस्थळावर जुनी वृत्तपत्रे फुकट आहेत. मात्र वरच्या वर्गाची नावे छापत, खालच्यांची बऱ्याचदा नुसती डोकी मोजत.

प्रश्न : माझ्या आजीचे आजोबा इगतपुरीला रेल्वेत गोरे ड्रायव्हर होते म्हणतात. पुण्यात बसून काय करता येईल?

बरेच. इंग्लंडमधून नेमून पाठवलेल्यांच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. तिथे नाव नसेल तर ते आधी पलटणीत आले असतील. फौजेतून सुटलेले गोरे शिपाई इथेच रेल्वेत लागत. म्हणून फौजेची कागदपत्रेही पाहा. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्ने, दफने यांच्या नकला दरसाल लंडनला जात, त्याही त्याच दप्तरात आहेत. ब्रिटिश अमदानीत भारतात राहिलेल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेची सूची फुकट आहे, तिथून आरंभ करा. आजीच्या आजी इथल्या असतील तर लग्नाची नोंद न सापडणे शक्य आहे. मुलांच्या बाप्तिस्म्याची मात्र सापडू शकते, कारण गोऱ्या बापाला पोराचे नाव चर्चच्या वहीत हवे असे. त्या नोंदीत बापाचा धंदा आणि राहण्याचे ठिकाण असते. इगतपुरी, भुसावळ, लोणावळा असे काही दिसले की पुढचे सोपे. रेल्वेगावांतल्या जुन्या दफनभूमीत दगडही वाचून या, पण पावसाळ्याआधी. नंतर गवत कमरेइतके वाढते आणि अक्षरे शेवाळाखाली जातात.