‘अंगावर येते’ म्हणजे आवडली की नाही?

उदगीरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. नव्या कादंबरीवर लोकांनी ऑनलाइन लिहिलेले अभिप्राय त्या चाळत होत्या. एकानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, ‘कादंबरी अक्षरशः अंगावर येते.’ त्याच्याच खाली दुसऱ्यानं दोन तारे दिले होते आणि लिहिलं होतं, ‘लेखकाची भाषा अंगावर येते.’ ताई विचारतात, आमच्याकडं अंगावर येतो तो बैल, नाहीतर कुत्रं. मग ही स्तुती समजायची की तक्रार?

ताई, दोघांचंही मराठी बरोबर आहे. कोण अंगावर येतंय ते आधी बघायचं. दुष्काळ, एकटेपणा, बापाचं मरण, शेवटचं प्रकरण, म्हणजे गोष्टीतलं जगणं अंगावर आलं तर ती दाद. उपमा, तपशील, संवाद, निवेदकाची बडबड, म्हणजे लेखकाची कारागिरी अंगावर आली तर ती तक्रार. साडीचा भडक रंग अंगावर येतो किंवा सिनेमातलं पार्श्वसंगीत अंगावर येतं, त्याच जातीची. आता नुसती ‘कादंबरी’ अंगावर आली तर पंचाईत होते, कारण तिच्यात जगणंही आलं आणि कारागिरीही. तिथं शेजारचा शब्द निकाल देतो. ‘अक्षरशः अंगावर येते’ म्हणणाऱ्याला आवडलेली असते. ‘जरा अंगावर येते’ म्हणणाऱ्याला नसते. ‘जरा’ हा फार सभ्य शब्द आहे, त्याच्या आडून मराठी माणूस वाट्टेल ते बोलतो.

‘अंगात येणे’ मात्र यात मिसळू नका. तो तुळजापूरचा, देवीची भक्ती करणाऱ्या आराधी मंडळींचा प्रांत. एका अभिप्रायात ‘वाचताना अंगात आलं’ असं वाचून मी घाबरलोच होतो. लिहिणाऱ्याला ‘अंगावर काटा आला’ म्हणायचं होतं.

या काट्याचं घराणं जुनं आहे. नाट्यशास्त्रातले सात्त्विक भाव 8: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. त्यातला रोमांच म्हणजेच आपला काटा. गंमत अशी की ‘रोमांचक’ आता पाठलाग आणि मारामारीच्या गोष्टींना लागतो आणि मूळ अर्थाचं काम गरीब बिचाऱ्या काट्याला करावं लागतं. ‘सुन्न झालो’ ही ‘स्तंभ’च्या जवळची अवस्था, शब्द ‘शून्य’वरून आलेला, बसून बधिर झालेल्या पायालाही चालणारा. आणि ‘निशब्द’ लिहिणाऱ्यांना हात जोडून विनंती की ‘निःशब्द’ लिहा. त्यानंतर आठ ओळी लिहिता त्याला माझी हरकत नाही.

पण ताई, तुमच्या बैलाबरोबर मला आपल्या भागातला आणखी एक ‘अंगावर’ आठवतो. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी नवराबायकोची जोडी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेते. ती रक्कम ‘अंगावर’ असते. ‘औंदा किती हाय अंगावर?’ असं सरळ विचारतात. पैसे एकदम हातात येतात आणि फेडायचे ते महिनोन्‌महिने, मोळी मोळीनं. दुखणंही आपण अंगावरच काढतो, कर्जही अंगावरच असतं. बैल अंगावर आला तर बाजूला उडी मारता येते, उचलीपासून येत नाही. दाते-कर्व्यांच्या शब्दकोशात (पहिला खंड 1932चा) ‘अंग’ शब्दाखाली वाक्प्रचारांची लांबलचक रांग आहे, तिथं हे धक्क्याचं आणि ओझ्याचं ‘अंगावर’ शेजारीशेजारी नांदतात. धारूर-केजकडच्या कुणी ‘त्या बाईचं दुःख अंगावर आलं’ असं लिहिलं की मला बैल दिसत नाही, उचल दिसते. हे माझं ऐकणं झालं, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक.

निःसंशय दाद द्यायची असेल तर ‘भिडली’ म्हणा. भिडायला दोघं लागतात, जत्रेतल्या फडावरच्या पैलवानांसारखे. पुस्तकानं जोर लावला, वाचणाऱ्यानंही लावला.

मला स्वतःला खुपतो तो वेगळाच प्रयोग: ‘अस्वस्थ करून जाते.’ दहातले चार अभिप्राय तिथंच संपतात. पूर्वी मीही बिनदिक्कत लिहायचो. मग अंबाजोगाईच्या मावशीनं माझी खोड मोडली. तिला वाचनालयातून एक कादंबरी आणून दिली होती. दुपारी भांडी उरकून ती उंबऱ्याशी वाचत बसली आणि चारच्या सुमारास पुस्तक पालथं घालून म्हणाली, ‘कसंतरीच व्हायलंय रे. ठिव तिकडं.’ मी ठेवलं. संध्याकाळी बघतो तर पुस्तक पुन्हा तिच्या मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि चुलीवरचं दूध उतू गेलेलं.

दोन दिवसांनी मी म्हटलं, तू सांग, मी मोबाइलवर तुझा अभिप्राय टाकतो. तिनं सांगितलं ते मी जरा ‘नीट’ करून लिहिलं आणि वाचून दाखवलं: ‘ही कादंबरी वाचकाला अस्वस्थ करून जाते.’

‘जाती कुठं?’ मावशी म्हणाली. ‘आजून हाय की. व्हायलंय म्हनलं मी, झालं म्हनलं का?’

आपल्या बोलीतलं ‘व्हायलंय’, ‘वाचायलोय’, ‘करायलीय’ हे चालू असलेल्या क्रियेचं रूप आहे, अजून न संपलेल्या. मी वाक्य खोडलं आणि तिचंच टाकलं: ‘कसंतरीच व्हायलंय.’ तारे किती द्यायचे विचारलं तर म्हणाली, थांब, शेवटची वीस पानं राहिलीत.