कोटेशनमधली वजाबाकी

‘सबसिडी मिळणारच आहे, मग घर घेऊन टाकावं का?’ कौटुंबिक समुपदेशकाला हे कोण विचारणार, असं वाटेल. पण घरावरून अबोला धरलेली जोडपी माझ्याकडे बरीच येतात आणि हल्ली त्या अबोल्यात प्रधानमंत्री आवास योजना असतेच. त्यातल्या एका जोडप्याचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

दोघं नाशिकची. तो अंबडच्या कारखान्यात ऑपरेटर, ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये. दोघांचं मिळून महिना 45 हजार, त्यात सहा-सात हजार त्याच्या ओव्हरटाइमचे. तिची तक्रार, हा ऐन वेळी कच खातो. त्याची तक्रार, हिला नुसती घाई.

त्याला एकट्याला बसवून विचारलं, तेव्हा खरं कारण बाहेर आलं. “मॅडम, गावाला वडिलांचं स्लॅबचं घर आहे. आणि इथं लिहून द्यायचं की पक्कं घर नाही. उद्या कुणी तक्रार केली तर?” हे तो बायकोशी बोललाच नव्हता. भित्रा म्हणेल म्हणून.

ही भीती फार जणांना असते, म्हणून नीट सांगते. योजनेच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. या कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, आणि गेल्या 20 वर्षांत कुठल्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. लग्न झालेल्या मुलाच्या बाबतीत वडिलांचं घर यात धरत नाहीत. मात्र पुष्कळ वडील घर बांधताना किंवा नंतर हौसेनं मुलाचं नाव लावून ठेवतात, मुलाला पत्ताही नसतो. म्हणून ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा, म्हणजे घर कुणाच्या नावावर नोंदलंय ते दाखवणारा कागद, काढून आणायला सांगितलं. उताऱ्यावर फक्त वडिलांचं नाव निघालं. त्याची झोप तिथेच परत आली.

मग तिनं पर्समधून बिल्डरच्या ऑफिसातलं कोटेशन काढलं. घर 24 लाखांचं. खाली पेनानं ‘वजा सबसिडी 2,67,000’ आणि त्याच्याखाली दोन रेघा मारून उरलेला आकडा. घाई कुठून आली होती ते त्या रेघा बघून कळलं. हा आकडा जुन्या योजनेचा. कमी उत्पन्न गटासाठी ती मार्च 2022 मध्येच संपली. 1 सप्टेंबर 2024 नंतरच्या कर्जांना जी नवी योजना लागू आहे, तिच्यात व्याज अनुदान जास्तीत जास्त 1.80 लाख. तेही पाच वार्षिक हप्त्यांत, आणि थेट कर्जखात्यात. घराची किंमत 35 लाखांच्या आत हवी, कर्ज 25 लाखांच्या आत. म्हणजे बिल्डरला द्यायच्या पैशातून यातला एक रुपयाही वजा होत नाही. जो वजा करून दाखवतो, त्याला फ्लॅट खपवायचा असतो.

मी पैशांची सल्लागार नाही, पण हा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय त्यांचं भांडण मिटणार नव्हतं. 24 लाखांवर बँक 90 टक्के देणार. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी हप्ता साधारण 18,700. ओव्हरटाइम बंद झाला की तो अंगावरच. शिवाय उरलेले 10 टक्के, मुद्रांक शुल्क, नोंदणी, बँकेची फी, वकील असं सगळं रोख लागणार ते चार लाखांच्या पुढे. शिल्लक होती साडेतीन लाख, तिच्या भिशीसकट. सबसिडी शून्य धरून जे घर झेपेल तेच बघा, एवढं मी स्पष्ट सांगितलं. आली तर मुद्दल कमी होईल, चांगलंच आहे.

ती दोन-तीन दिवस घुश्शात होती. मग तिनंच 20 लाखांचा रिसेलचा वन बीएचके शोधला. हप्ता 15,600 च्या आसपास. पण रोखीत दहाएक हजार कमीच पडत होते.

इथे सासूबाई आल्या. योजनेत घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायकोच्या जोड नावावर लागतं. “माझ्या पोराची कमाई आणि घर सुनेच्या नावावर?” जोड नाव करा, असं म्हणून मी सुटले असते. पण महाराष्ट्रात खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तरच मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. इथे ती रक्कम होती 20 हजार. सासूबाईंना मी बोलावलं आणि निर्णय तिघांवर सोडला. बराच वेळ नात्यागोत्यातल्या फसलेल्या व्यवहारांचे दाखले झाले. शेवटी त्यांनी मुलालाच विचारलं, “तुझा भरवसा आहे ना हिच्यावर?” तो बायकोसमोर “आहे” म्हणाला. माझ्या मते त्या बैठकीचं काम तेवढंच होतं.

खरेदीखत तिच्या नावावर झालं, कर्जाला तो सह-कर्जदार आहे. सबसिडीचा अर्ज मंजूर झालाय, पहिला हप्ता यायचा आहे. सासूबाई अजून अधूनमधून टोमणा मारतात, पण आता तो गप्प बसत नाही.