कमिशन माझ्या खात्यात, तक्रारदार माझ्या भिशीतले

प्रश्न : मी धायरीत राहते, खासगी नोकरी करते. गेल्या वर्षी जाहिरात पाहून ‘अ‍ॅफिलिएट मार्केटिंग’चा ११,८०० रुपयांचा कोर्स घेतला. तोच कोर्स आपल्या लिंकवरून दुसऱ्याला घ्यायला लावला की माणशी ६,००० रुपये कमिशन. माझ्या लिंकवरून सहा जण आले : नणंद, मामेभाऊ, ऑफिसमधल्या दोघी आणि भिशीतल्या दोघी. भिशीतल्यांनी पैसे माझ्या फोनपेवर पाठवले, मी ते कंपनीला भरले. चौघांचं कमिशन म्हणून खात्यात २३,५२० रुपये जमा झाले. पुढचं अडकलं, आता कंपनीत कोणी फोन उचलत नाही. ‘घरबसल्या महिना ५० हजार’ असं एक रीलही मी टाकलं होतं. आता भिशीतल्या एकीचे मिस्टर घरी येऊन ‘पूर्ण पैसे द्या, तोवर सही करून चेक द्या, नाहीतर पोलिसात जातो’ म्हणतात. मीच फसले असताना गुन्हा माझ्यावर होईल का?

उत्तर : होऊ शकतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून ‘नाही’ म्हणणार नाही.

आधी चेकचं. तो देऊ नका, कोरा तर नाहीच. सही केलेला चेक समोरच्याच्या हातात गेला की तो देणं फेडायलाच दिला होता असं कोर्ट गृहीत धरून चालतं. तसं नव्हतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. वटला नाही आणि नोटिशीनंतरही पैसे दिले नाहीत, तर चेकसंबंधीच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. आज भांडण कंपनीने बुडवलेल्या पैशांचं आहे, चेक दिलात की ते तुमच्या कर्जाचं होईल.

आता मूळ दुखणं. खऱ्या अ‍ॅफिलिएट कामात सामील व्हायला पैसे लागत नाहीत. अ‍ॅमेझॉनची लिंक टाकली, कुणी त्यावरून मिक्सर घेतला, तुम्हाला टक्केवारी मिळाली. विकला गेला तो मिक्सर. तुमच्याकडे विकलं गेलं ते सभासदत्व. कोर्स शिकून काय करायचं, तर कोर्स विकायचा. अशा साखळीसाठी १९७८ चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा आहे. त्यात योजना चालवणाऱ्याबरोबर तिला बढावा देणारा आणि तिच्यात भाग घेणाराही येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास सुरू करू शकतात. शिवाय २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनीही पिरॅमिड योजनांना, म्हणजे नवे सभासद आणण्यावरच कमाई असलेल्या साखळ्यांना, मनाई केली आहे. तेव्हा उरलेल्या कमिशनच्या आशेने सातवा माणूस आणायचा विचार मनात असेल, तर तो इथेच सोडा.

फसवणुकीचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३१८, लावायचं तर सुरुवातीपासून हेतू वाईट होता हे दाखवावं लागतं. स्वतःचे ११,८०० घातलेल्या आणि सख्ख्या नणंदेला सोबत घेतलेल्या बाईबद्दल ते सोपं नाही. पण ते रील! महिना ५० हजार म्हणालात आणि पासबुकात सगळे मिळून २३,५२०. तपास अधिकारी पहिलं बोट तिथेच ठेवील. रील लोकांच्या नजरेआड करा, पण डिलीट करू नका. कंपनीच्या ग्रुपवरचे चॅटसुद्धा तसेच राहू द्या. रीलमधली वाक्यं तुम्हाला कुणी लिहून दिली असतील तर ते त्या चॅटमध्येच सापडेल.

दुसरी कच्ची जागा फोनपेची. नणंदेच्या खात्यातून पैसे सरळ कंपनीला गेलेले दिसतात. भिशीतल्या दोघींच्या पासबुकात मात्र तुमचं नाव आहे. त्यांचे ११,८०० आले आणि तेवढेच लगेच पुढे गेले, हे दाखवणारं स्टेटमेंट शाखेतून शिक्क्यानिशी घ्या. माझ्या मते तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद तो.

कमिशन परत करायचं का? आजच्या घडीला तसा आदेश कुणी दिलेला नाही, तरी मी असते तर केलं असतं. २३,५२० भागिले सहा, प्रत्येकी ३,९२०. बँकेतूनच द्या, रोख नको. सोबत एक ओळ लिहून सही घ्या : ‘माझ्याकडे आलेलं कमिशन माझे हक्क अबाधित ठेवून परत करत आहे, मूळ रक्कम कंपनीकडे जमा आहे.’ व्हॉट्सअ‍ॅपवर ‘माझ्यामुळे तुम्ही फसलात, सॉरी’ असलं काही लिहू नका. मनातून वाटत असेल, तर घरी जाऊन तोंडाने म्हणा.

तुमच्या आकड्यात एक गंमत आहे. चौघांचं कमिशन २४,००० व्हायला हवं, आलं ४८० कमी, म्हणजे बरोबर दोन टक्के. हा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर असणार. आयकराच्या पोर्टलवर २६-एएस, म्हणजे तुमच्या नावे भरलेल्या कराचा तक्ता, उघडून पाहा. नोंद असेल तर पैसे देणाऱ्याचं नोंदणीचं नाव आणि टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) तिथे मिळेल. या धंद्यात जाहिरातीतलं नाव एक आणि कागदावरची कंपनी दुसरी, हे नेहमीचंच. नोंद नसेल, तर कापलेले पैसे सरकारात भरलेच नसावेत, आणि तोही तक्रारीतला एक मुद्दा झाला. तसंच ११,८०० मधले १,८०० जीएसटीचे. बिलावरचा १५ अक्षरी नंबर जीएसटी पोर्टलवर टाका, नाव-पत्ता निघेल. कमिशन तुमच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागेल, ते परत केलं तरी. पुढचं सीएला विचारा.

हे हाती आलं की सातही जणांना एकत्र बसवा. सातांचे मिळून ८२,६०० रुपये होतात. वेगवेगळे गेलात तर ते सहा जण तुमच्याविरुद्ध जातील; एकत्र गेलात तर सगळे कंपनीविरुद्ध. लेखी तक्रार तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात आणि राष्ट्रीय सायबर पोर्टलवर द्या, पोच घ्या. पैशासाठी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. कंपनी कुठलीही असो, तक्रारदार जिथे राहतो तिथे दावा चालतो; पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. ‘हे ग्राहक नाहीत, धंदा करायला आले होते’ हा कंपनीचा बचाव येणारच, आणि तुमच्या बाबतीत तो अगदीच पोकळ नाही. भिशीतल्या मैत्रिणींनी एकही कोर्स विकला नसेल, तर त्यांची बाजू तुमच्यापेक्षा भक्कम. म्हणून पहिली तक्रारदार त्यांच्यापैकी एखादी असू द्या.

पोलिसांचा नुसता फोन आला तर लेखी नोटीस मागा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी नोटीस, मग चौकशी असा क्रम आहे. नोटीस आली की वकील सोबत घेऊन जा; अटकपूर्व जामीन लागेल का ते तिचा मजकूर पाहून ठरेल. फीची अडचण असेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो. आणि चेक मागायला आलेल्या त्या गृहस्थांना या बैठकीचं बोलावणं सगळ्यात आधी करा.